कल्पनेतील राज्य आणि बावन्न गढ

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर एखाद्या खेळाविषयी व्याख्यान व्हावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु आजच्या विषयाचा खेळ आपल्यापैकी अनेकांच्या घरात येऊन पोहोचला आहे. चार-सहा मुले टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी सरदार, कोणी हेर, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. सूत्रधार एका काल्पनिक राज्याचे वर्णन करतो, खेळाडू आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात, आणि यशापयशाचा कौल फासे देतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. तेव्हापासून या प्रकाराला ‘रोल-प्लेइंग गेम’ असे नाव रूढ झाले.

मराठी मनाला ही गोष्ट अगदीच परकी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ‘मंजुघोषा’, ‘वीरधवल’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी काल्पनिक राज्ये आपल्या भाषेत आणली. त्याहून जवळचे उदाहरण दिवाळीच्या किल्ल्याचे. विटा, गोणपाट आणि मातीचा चिखल यांतून उभा राहिलेला डोंगर, त्यावर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, दारावर पहारेकरी आणि माथ्यावर महाराज, असे छोटे राज्य मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या रचीत आली आहेत. त्या किल्ल्यात एक गोष्ट मात्र सहसा नसते. गडावरच्या या साऱ्या मंडळींना लागणारे धान्य कोणत्या गावातून येते, हे तेथे दिसत नाही.

नव्या खेळातील राज्येही नेमकी येथेच फसतात. नकाशा सुरेख असतो, राजवंशाची नावे भारदस्त असतात, सेनापती कपटी असतो. पण एखादा चौकस खेळाडू विचारतो, ‘या शहराला पाणी कोठून येते? पुलावर जकात कोण घेतो? दुष्काळ पडला तर सारा माफ करण्याचा अधिकार कोणाला?’ आणि सूत्रधार निरुत्तर होतो. राज्य खोटे वाटू लागते ते त्यातील जादूमुळे नव्हे. उडणारा घोडा खेळाडू आनंदाने मान्य करतात. त्या घोड्याला दाणावैरण कोण घालतो याचे उत्तर न मिळाले, की त्यांचा विश्वास उडतो. सरंजामी राज्य विश्वसनीय कसे करावे, हा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी दीक्षितपुऱ्यातून फार दूर जाण्याचे कारण नाही. गढा हे एका मोठ्या राज्याचे मूळ स्थान आज जबलपूर शहराचाच भाग आहे.

गढ्याच्या गोंड राजांपैकी संग्रामशाह याच्या नावाशी बावन्न गढ जोडलेले आहेत. गढ म्हणजे किल्ला आणि त्या किल्ल्याच्या आधाराने राहणारा मुलूख. मदनमहालची टेकडी आपण रोज पाहतो. सिंगौरगढ आज दमोह जिल्ह्यात आहे, चौरागढ नरसिंहपूर जिल्ह्यात सातपुड्याच्या कड्यावर आहे. खेळासाठी राज्य रचणाऱ्याने पहिला धडा येथे घ्यावा. आधी सीमारेषा आखून मग तिच्या आत गावे टाकू नयेत. डोंगर, घाट, नदीचे उतार आणि पाण्याच्या जागा आधी ठरवाव्यात. गढ कोठे असेल, रस्ता कोठून जाईल आणि शत्रू कोठे अडेल, हे त्यावरून आपोआप ठरत जाते.

पाण्याचेच पाहा. जबलपूर हे तलावांचे गाव. राणीताल, चेरीताल आणि आधारताल ही नावे आज वस्त्यांची झाली आहेत. परंपरा असे सांगते, की राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिचा मंत्री आधार कायस्थ याचा आणि चेरीताल तिच्या दासीचा. चेरी म्हणजे दासी. राणी, मंत्री आणि दासी या तिघांच्या नावांनी एकाच गावात तीन तलाव असावेत, एवढ्या एका गोष्टीवरून त्या राज्याविषयी किती कळते! पाणी साठविणे हे तेथे पुण्याचे आणि प्रतिष्ठेचे काम होते, आणि त्या प्रतिष्ठेत दासीच्या नावालाही जागा होती. दहा पानांच्या वर्णनाने जे साधत नाही, ते अशी तीन नावे साधतात.

पाण्यानंतर धान्य. जबलपूरच्या परिसरातील सखल, काळ्या मातीचा मुलूख ‘हवेली’ म्हणून ओळखला जातो. शेताला चहूबाजूंनी बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, पाऊस सरल्यावर ते सोडून द्यायचे आणि ओल धरलेल्या जमिनीत गहू पेरायचा, अशी तेथील जुनी रीत. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतातून जाते. म्हणून पाणी कधी सोडायचे, हे एकट्याने ठरविता येत नाही. गावातील भांडणे, समेट आणि पंचायत यांचे बी या बांधातच आहे. ज्याच्या काल्पनिक राज्यात असा एक बांध आहे, त्याला कथानक बाहेरून आणावे लागत नाही.

आता थोडा हिशेब करू. एका गावात वर्षाला शंभर वाटे धान्य पिकते असे समजू. पंधरा वाटे बियाण्यासाठी राखले, दहा वाटे बलुतेदारांना गेले, चाळीस वाटे कुणब्यांच्या घरांना लागले, तर राज्यासाठी पस्तीस उरतात. घोड्यासह एका स्वाराला वर्षाचे सात वाटे लागत असतील, तर हे गाव पाच स्वार पोसू शकते, आणि तेही बाकी काही खर्च न करता. म्हणजे वीस हजार स्वारांची फौज हवी असेल, तर अशी चार हजार गावे हवीत. आता एका वर्षी पाऊस हुकला आणि साठच वाटे पिकले. बियाणे आणि घरखर्च मिळून पंचावन्न लागतातच. उरले पाच, आणि त्यांवर बलुतेदाराचा हक्क आहे, गढपतीची मागणी आहे, राजाचा हुकूमही आहे. कोणाचे पोट आधी? कल्पनेतील राज्याला नाट्य येथून मिळते. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक सूत्रधाराने आपले आकडे ठरवावेत, पण बेरीज चुकू देऊ नये.

अबुल फझलच्या लिखाणात गढ्याविषयी असे काही तपशील आले आहेत. तेथील रयत सारा मोहरांच्या आणि हत्तींच्या रूपाने भरते, असे तो सांगतो. ज्या राज्यात जंगल मोठे, त्याच्या खजिन्यात हत्ती येणारच. राणी दुर्गावतीच्या ताब्यात तेवीस हजार लागवडीची गावे होती, त्यांपैकी बारा हजार गावांत तिचे स्वतःचे शिकदार होते आणि उरलेल्या गावांचे मुखिये तिच्या आज्ञेत होते, असेही त्याने लिहिले आहे. दरबारी लेखकाचे आकडे तोळामासा तपासून घेता येत नाहीत. त्यातील रचना मात्र फार मोलाची आहे. राज्याचा एक भाग राणीच्या माणसांच्या हाती आणि दुसरा भाग आपापल्या मुखियांच्या हाती. पहिल्या भागात हुकूम चालतो, दुसऱ्या भागात मन वळवावे लागते. सरंजामी राज्य म्हणजे नेमके हेच. राजाची सत्ता नकाशावर सर्वत्र एकाच रंगाची दिसते. जमिनीवर ती कोठे दाट असते, कोठे विरळ.

याची कसोटी १५६४ साली लागली. दलपतशाहाच्या मृत्यूनंतर दुर्गावतीने आपला अल्पवयीन पुत्र वीरनारायण याच्या नावाने सुमारे दीड दशक राज्य चालविले होते. अकबराचा सरदार आसफखान गढ्यावर चालून आला. राणीच्या पदरी वीस हजार घोडदळ आणि एक हजार हत्ती होते, असे अबुल फझल म्हणतो, आणि तोच असेही म्हणतो, की शत्रू जवळ आला तेव्हा फौज पांगलेली होती आणि राणीजवळ आरंभी जेमतेम पाचशे माणसे होती. कागदावरची फौज आणि मैदानावर जमलेली फौज यांतील हे अंतर सरंजामी राज्याच्या हाडीमांसी असते. स्वार आपापल्या गावी असतात. त्यांना निरोप जायला वेळ लागतो, निघायला वेळ लागतो, आणि काही निघतच नाहीत.

राणीने बारेल्याजवळ नर्रईची जागा निवडली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला गौर आणि नर्मदा या नद्या, आणि आत शिरायला अरुंद वाट. पहिल्या दिवशी तिने शत्रूला मागे रेटले. त्याच रात्री शत्रूच्या तळावर छापा घालावा, असे तिचे मत होते, कारण सकाळपर्यंत तोफा येऊन पोहोचतील हे तिला दिसत होते. तिच्या सरदारांनी ते मानले नाही. सकाळी तोफा आल्या. २४ जून १५६४ रोजी हत्तीवर बसून लढताना राणी बाणांनी घायाळ झाली, आणि शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा तिने स्वहस्ते देह ठेवला. पुढे चौरागढही पडला आणि वीरनारायण तेथे कामी आला.

या प्रसंगातील शौर्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. राज्य रचणाऱ्याने त्या रात्रीच्या मसलतीकडे अधिक लक्ष द्यावे. राणी शूर होती, तिचा अंदाज बरोबर होता, आणि तरीही तिला आपल्या सरदारांकडून रात्रीचा छापा घालवून घेता आला नाही. सरंजामी राज्याचा विश्वास बसतो तो राजाला काय करता येते यावरून नव्हे; त्याला काय करता येत नाही यावरून बसतो. ज्या काल्पनिक राजाच्या हुकुमाला कोणीच कधी ‘नाही’ म्हणत नाही, तो राजा सोंगटीसारखा असतो.

सरदार ‘नाही’ का म्हणतो, हेही सूत्रधाराला ठाऊक असले पाहिजे. महाराष्ट्रातील १६५९ चे उदाहरण घेऊ. अफझलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा मावळातील देशमुखांना आदिलशाही दरबाराची फर्माने गेली. देशमुखाचे वतन पिढीजात, आणि त्याला मान्यता दरबाराची. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. कान्होजी जेधे पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे आला आणि वतनावर पाणी सोडायला तयार झाला. दोघेही एकाच मावळातले, दोघांसमोर प्रश्न एकच. एकाला देशद्रोही आणि दुसऱ्याला स्वामिनिष्ठ म्हणून इतिहास मोकळा होतो. खेळात ती भूमिका करणाऱ्या मुलाला मात्र त्या रात्रीचा हिशेब स्वतः करावा लागतो. घर, भाऊबंद, वतन, शब्द आणि भीती या पाचांचे वजन तो आपल्या हाताने करून पाहतो. पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींपेक्षा हा अभ्यास खोल आहे.

वतनदारांचे हे बळ राज्यकर्ते ओळखून होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदार हे राज्याचे वाटेकरी आहेत, त्यांना फार दुखवू नये आणि फार वाढूही देऊ नये, असा सावध विचार मांडला आहे. शिवाजी महाराजांचा कल रोख वेतनाकडे होता. गडावरही त्यांनी सत्ता एका हाती ठेवली नाही. हवालदाराकडे किल्ल्या आणि हुकूम, सबनिसाकडे हिशेब आणि हजेरी, कारखानिसाकडे कोठार आणि सामग्री. एकाने फितुरी करायची म्हटली, तरी उरलेले दोघे आडवे येतात. खेळातील प्रत्येक किल्ल्यावर अशी तीन माणसे ठेवून पाहावीत. किल्ला तेवढ्याने जिवंत होतो. पुढे मोगली आक्रमणाच्या संकटात राजाराम महाराजांच्या काळी वतने आणि सरंजाम पुन्हा द्यावे लागले, कारण रोख पैसा नव्हता आणि माणसे टिकवायची होती. तत्त्व माहीत असूनही परिस्थितीपुढे वाकावे लागते, हा धडा कोणत्याही राज्याला लागू पडतो.

गढीवरून आता गावात उतरू. मराठी भाषेने गावाचे दोन भाग केले आहेत. पांढरी म्हणजे वस्ती आणि काळी म्हणजे शेती. काळीत पिकले तर पांढरीत दिवा लागतो. पाटील, कुलकर्णी, चौगुला, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी असे प्रत्येकाचे काम ठरलेले आणि धान्याच्या राशीतील वाटाही ठरलेला. ही व्यवस्था सुबक दिसते. म्हणूनच तिच्यातील अन्याय नजरेआड होण्याची भीती असते. महाराकडे गावाच्या शिवेची राखण होती. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची मानली जाई, सरकारी निरोप तो पोहोचवी, आणि तरीही त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती. त्याचे वतन हे मानाचे नव्हते. दिवसरात्र राबवून घेण्याचे साधन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले, आणि ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. मुलांनी रचलेल्या राज्यात वाडे आणि मेजवान्या असतील, तर गावकुसाबाहेरची वस्तीही असली पाहिजे, आणि तेथील एखादे पात्र कोणीतरी घेतले पाहिजे. सरंजामशाहीचे केवळ झगमगते रूप दाखविणारा खेळ मुलांना खोटे शिकवितो.

शेवटचा मुद्दा आठवणीचा. प्रत्येक राज्य स्वतःचा भूतकाळ रचते. हृदयशाहाच्या काळी, १६६७ साली, मंडल्याजवळ रामनगर येथे एक शिलालेख कोरला गेला. त्यात जादोरायापासून पन्नासाहून अधिक पिढ्यांची वंशावळ दिली आहे. तिचा जुना भाग इतिहास म्हणून अभ्यासकांना मान्य होत नाही. पण त्या राजाला ती हवी होती, कारण दुर्गावतीनंतर चंद्रशाहाने दहा गढ अकबराला देऊन गादी मिळविली होती. राज्य आकसले होते. जमीन कमी झाली, की वंशावळ लांब होते. खेळाच्या राज्यातही दरबाराचा एक इतिहास असावा, शेजारच्या राज्याचा दुसरा, आणि जात्यावर दळणाऱ्या बाईचा तिसरा. तिन्ही एकमेकांशी जुळू नयेत.

हे राज्यही पुढे संपले. १७८१ च्या सुमारास ते सागरच्या मराठ्यांकडे गेले, नंतर नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१८ मध्ये इंग्रजांकडे. म्हणजे गढ्याच्या कथेत मराठेही येतात, आणि ते येथे जिंकणारे म्हणून येतात, हे येथील मराठी माणसाने विसरू नये. राज्य गेल्यावरही त्याची आठवण उरली. १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले, तेव्हा त्यांच्याजवळ राज्य उरले नव्हते. गढ्याच्या वंशाचे नाव उरले होते.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी नकाशा पसरून फासे टाकीत बसली, म्हणजे अभ्यास बुडाला असे लगेच समजू नये. तिला एवढेच विचारावे, ‘तुझ्या राज्यात पाणी कोठून येते? धान्य कोण पिकविते? राजाला कोण नाही म्हणू शकते? गावाबाहेर कोण राहते? आणि त्यांची गोष्ट कोण सांगते?’ या पाच प्रश्नांची उत्तरे शोधताना इतिहास, भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र एकाच टेबलावर येतात. आज ना उद्या तेच प्रश्न ती आपल्या नगरपालिकेला आणि आपल्या सरकारलाही विचारील.

महाराष्ट्रापासून दूर असलेल्या मराठी शाळेसाठी यात आणखी एक लाभ आहे. वतन, मिरास, बलुते, शीव, काळी, पांढरी, गढी, मसलत हे शब्द आपल्या मुलांच्या कानांवरून हळूहळू नाहीसे होत आहेत. शब्दकोशातून ते परत येणार नाहीत. वापरण्याचा प्रसंग आला तरच येतील. एखाद्या दुपारी आठवीचा वर्ग मराठीत राज्य रचू लागला, तर तो प्रसंग येईल. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी शेतीचे, कोणी हिशेबाचे, कोणी कायद्याचे जाणकार आहेत. त्यांनी त्या वर्गात तासभर बसावे आणि मुलांच्या राज्यातील बेरीज तपासून द्यावी. शाळेला देण्यासारखी ही भेट आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमचे राज्य जरूर रचा. त्यात राणीताल असेलच. आधारतालही असेल. चेरीताल आहे की नाही, ते एकदा नकाशात नीट पाहा, आणि नसेल तर आधी तो खणा.